प्राध्यापकांचं 'वेगळं' शिकवणं बढतीत मोजलं जाणार का?

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत बढतीसाठी अध्यापनाचा शेरा तासांवर ठरतो. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा त्याहून जास्त घेतले तर 'चांगला', ७० ते ८० टक्क्यांदरम्यान असतील तर 'समाधानकारक'. म्हणजे जुन्या नोट्स वाचून दाखवणारे आणि विद्यार्थ्यांकडून प्रकल्प करून घेणारे, दोघांनाही एकच शेरा मिळू शकतो.

मग चांगल्या शिकवण्याची दखल कुठे घेतली जाते? राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार २०२३ मध्ये पहिल्यांदाच उच्च शिक्षणातल्या शिक्षकांनाही देण्यात आले. पण देशभरातून निवड झाली १३ जणांची.

जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या नियमांचा मसुदा जाहीर केला. त्यात योगदानाचे ९ प्रकार दिले आहेत आणि त्यांपैकी किमान ४ दाखवण्याची अट आहे. या यादीत नावीन्यपूर्ण अध्यापनाचाही समावेश आहे.

खरी अडचण पुढे आहे. नावीन्य ठरवणार कोण आणि कसं? केवळ कागदपत्रं तपासली, तर चांगली फाईल बनवणाऱ्यांचाच फायदा होईल. त्यामुळे विद्यार्थ्यांचा अभिप्राय आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष वर्गात बसून केलेलं मूल्यमापन, या दोन्हींना निवडीत स्थान मिळतं का, हे पाहावं लागेल.