कोरियात नातीचा पहिला वाढदिवस



२०२५ सालची १४ एप्रिलची जयंती आटोपली आणि मी मुलाकडे कोरियाला गेले. विमानाची आणि तिथल्या मुळ्या-कोबीच्या लोणच्याची हकीकत मी या सदरात मागे सांगितली आहे. पण ज्या कामासाठी गेले होते ती गोष्ट सांगायची राहून गेली. मुद्दामच राहू दिली होती म्हणा. आज सांगते.

काम एवढेच, की नातीचा पहिला वाढदिवस होता. २७ एप्रिल, रविवार. मुलगा उल्सान नावाच्या गावी कारखान्यात इंजिनिअर आहे. जहाजे आणि मोटारी बनवणारे ते गाव, आपल्या पिंपरी-भोसरीसारखेच, फक्त शेजारी समुद्र. नात जन्मली तेव्हा मला जायचे होते. पासपोर्टसाठी जन्मतारखेचा दाखला मागितला आणि तिथे घोडे अडले. माझ्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५५ आहे. ती तारीख खरी नाही हे लिहिणाऱ्या गुरुजींनाही माहीत होते. आपल्यापैकी किती जणींची जन्मतारीख १ जून आहे ते हात वर करून सांगा बरे! आमची आई सांगायची, "बाबासाहेब गेले तेव्हा तू मांडीवर होतीस, तुला बसता येत नव्हतं." म्हणजे मी १९५६ सालची. महिना कोणता, ते आईलाच ठाऊक. दाखल्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांचा मेळ बसेपर्यंत नात पाच महिन्यांची झाली, मग मीच म्हटले, आता वर्षाच्या वाढदिवसालाच जाईन.

तिथे गेल्यावर वयाची आणखी गंमत कळली. कोरियात मूल जन्मले की ते एक वर्षाचे धरायचे, आणि पुढे १ जानेवारी आली की साऱ्या देशाचे वय एकदम एका वर्षाने वाढायचे. ३१ डिसेंबरला जन्मलेले बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचे! २८ जून २०२३ पासून कायद्याने ही मोजणी बंद केली आणि जगासारखे वय धरायला लागले. पण म्हातारीकोतारी माणसे अजून जुनेच वय सांगतात. मी सूनबाईला म्हटले, "आमच्या गुरुजींनी एक गाव एका तारखेला जन्माला घातलं, यांनी तर अख्खा देश!"

मुलाच्या इमारतीत लहान बाळ म्हणजे आमचीच नात. तिथे मुले फारच कमी होतात. २०२३ साली एका बाईमागे सरासरी ०.७२ मूल, म्हणजे एकसुद्धा भरत नाही. एके काळी तिथेही मुलगाच हवा असे होते. १९९० साली शंभर मुलींमागे ११६ मुलगे जन्मत होते, म्हणजे मुलींचे काय होत असेल ते तुम्हाला सांगायला नको. आता बाळच दिसेनासे झाल्यावर मुलगी काय नि मुलगा काय, लिफ्टमध्ये सगळे वाकून वाकून बघतात. समोरच्या दारात राहणाऱ्या आजी तर रोज येत. आजीला तिथे 'हलमोनी' म्हणतात. वय ऐंशीच्या आसपास, पाठीत वाकलेल्या, पण नातीला पाठीशी दुपट्याने बांधून घरभर फिरायच्या. आपल्या बायका लुगड्याच्या झोळीत पोर घेऊन खुरपायला जातात, अगदी तसे. त्यांना माझी भाषा येत नाही, मला त्यांची. सूनबाई मध्ये बसून सांगायची. ती घरी नसली की आम्ही दोघी हातवाऱ्यांवर भागवत होतो, आणि बरेच भागत होते.

पहिल्या वाढदिवसाला तिथे 'तोल' म्हणतात. हलमोनींनीच हट्ट धरला की मूल इथे जन्मले आहे, तोल झालाच पाहिजे. नातीला रंगीत बाह्यांचा झगा आणि डोक्याला टोपी घातली. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वड्या आल्या. मुलाच्या बरोबरीच्या चार-पाच जणांनी मिळून लहानशी सोन्याची अंगठी आणली. पूर्वी एकेक जण एकेक अंगठी देई, सोने महाग झाल्यापासून अशी वर्गणी काढतात. अंगठी एका 'तोन'ची, म्हणजे पावणेचार ग्रॅमची. आणि जेवणात समुद्री शेवाळाचे सूप. हे सूप मला फार आवडले, चवीपेक्षा त्याच्या कारणासाठी. कोरियात बाळंतिणीला कितीतरी दिवस हेच सूप पाजतात, आपण अळीव-डिंक खाऊ घालतो तसे. आणि पुढे जन्मभर दर वाढदिवसाला माणूस तेच सूप पितो. वाढदिवस लेकराचा, जेवण बाळंतिणीचे! मात्र परीक्षेच्या दिवशी पोरे ते पीत नाहीत. शेवाळ निसरडे, त्यामुळे मार्क घसरतात म्हणे.

मग मुख्य प्रकार. बाळापुढे वस्तू मांडतात आणि ते काय उचलते ते बघतात. तांदूळ, पैसे, पुस्तक, पेन्सिल, दोऱ्याची लडी. हल्ली डॉक्टरची नळी नि गाण्याचा माईकसुद्धा ठेवतात. पैसे उचलले तर श्रीमंत, पेन्सिल उचलली तर विद्वान, दोरा उचलला तर दीर्घायुषी. भविष्यावर माझा काडीचा विश्वास नाही. आयुष्यभर सांगत आले की असल्या गोष्टींना थारा देऊ नका. पण भगिनींनो, खोटे कशाला बोलू, कोणाचे लक्ष नाही असे बघून मी दोऱ्याची लडी हळूच नातीच्या हाताशी सरकवली. मान वर केली तर हलमोनी माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी आपल्या हाताने ती आणखी वीतभर पुढे ढकलली.

नातीने पेन्सिल उचलली आणि तोंडात घातली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मुलगा म्हणाला, "बाबासाहेबांची नात!" मीही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर हलमोनी बसून राहिल्या. मी सूनबाईला विचारायला लावले, की तुम्ही दोरा का सरकवला. त्या बराच वेळ बोलल्या. पूर्वी त्यांच्याकडे मूल झाले की दाराला गवताचा दोर बांधत, नेहमीच्या उलट, डावीकडे पीळ दिलेला. मुलगा असला तर त्यात लाल मिरच्या आणि कोळसा, मुलगी असली तर कोळसा आणि देवदाराच्या डहाळ्या. एकवीस दिवस परक्याने उंबरा ओलांडायचा नाही. रोगराई आत येऊ नये म्हणून ही सोय. ते एकवीस दिवस निघाले की शंभराव्या दिवसाची वाट बघायची. शंभर दिवस भरले की पांढऱ्या वड्या करून गावभर वाटायच्या, शंभर घरी वाटल्या तर मूल जगते अशी समजूत. मग वर्ष. कारण तोपर्यंत मूल राहीलच याचा भरवसा नसे. पुष्कळ मायबाप तर सरकारी नोंदसुद्धा लगेच करीत नसत. मूल जगते का ते आधी बघत, मग कचेरीत जात. म्हणून जुन्या लोकांचे कागदावरचे वय एक आणि खरे वय दुसरे. "माझं नावसुद्धा दोन वर्षांनी घातलं," असे म्हणून त्या हसल्या.

मला हसू आले नाही. सूनबाईने विचारले, "आई, काय झालं?" मी म्हटले, "काही नाही, दमले."

आता तुम्हाला सांगते. माझा हा मुलगा थोरला नव्हे. त्याच्या आधी मला मुलगी झाली होती, १९७५ च्या पावसाळ्यात, गावी. मुलाचे वडील तेव्हा मुंबईला गिरणीत बदलीवर होते. रजा मिळाली की येतील आणि नामकरण विधी करू असे ठरले. तोवर आम्ही तिला नुसते बाळ म्हणत होतो. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, ओढ्याला पाणी होते, तालुक्याला पोहोचायला दीड दिवस लागला. अडीच महिन्यांची होऊन गेली. तिचा ना दाखला, ना फोटो, ना नाव. मुलाचे वडील पुढे चाळीस वर्षे माझ्याबरोबर नांदले, पण तिचा विषय एकदाही काढला नाही, आणि मीही मुलांना कधी सांगितले नाही. कशाला सांगायचे असे वाटे. शंभर दिवस म्हणजे किती, हे मी त्या रात्री बोटांवर मोजत बसले. तिला पंचवीस कमी पडले.

कोरियात बुद्धजयंती आपल्यासारखी वैशाख पौर्णिमेला नसते. त्यांच्या चांद्र पंचांगाच्या चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी असते, आणि १९७५ पासून त्या दिवशी साऱ्या देशाला सुट्टी. २०२५ साली ती ५ मेला आली, आणि ५ मे हा तिथला बालदिनही आहे. सुट्ट्या एकावर एक पडल्या म्हणून दुसऱ्या दिवशी भरपाईची सुट्टी दिली. आपली पौर्णिमा १२ मेला होती, म्हणजे मला त्या वर्षी दोन जयंत्या मिळाल्या.

मुलाने आम्हाला थोंगदोसा विहाराला नेले. उल्सानच्या मोठ्या रेल्वे स्टेशनच्या नावातच कंसात थोंगदोसा असे लिहिलेले आहे. इ.स. ६४६ मध्ये जाजांग नावाच्या भिक्खूंनी हा विहार स्थापला. नदीच्या कडेने जुन्या देवदारांमधून वाट जाते. मुख्य दालनात गेले आणि मी चक्रावले, आत मूर्तीच नाही! समोर खिडकी आहे, आणि खिडकीपलीकडे उघड्यावर दगडी चौथरा. त्या चौथऱ्यात भगवान बुद्धांचे धातू आहेत असे मानतात, म्हणून वेगळी मूर्ती नको. लोक त्या खिडकीकडे तोंड करून नमस्कार करीत होते. मला ते फार भावले. बाहेर बाल बुद्धांच्या लहानशा मूर्तीवर पळीने पाणी घालायला रांग होती, लेकुरवाळ्याच जास्त. नातीच्या हातूनही घातले. दुपारी सगळ्यांना फुकट जेवण, भातावर पाच-सहा भाज्या आणि वर लाल मिरचीचा गोडूस ठेचा. कोण कुठला, कोणी विचारले नाही.

विहाराच्या अंगणात माथ्यावर कागदी कंदिलांचे छतच्या छत होते. प्रत्येक कंदिलाखाली नावाची चिठ्ठी लोंबते. रंगीत कंदील घरच्या माणसांसाठी. एका बाजूला सगळे पांढरेच होते. मी विचारले तर सूनबाई म्हणाली, "ते गेलेल्यांसाठी असतात, आई. बाबांच्या नावाने लावायचा का?"

मी म्हटले, "दोन लावू."

मुलगा म्हणाला, "दुसरा कोणाचा?"

तिथेच, माणसांच्या गर्दीत, उभ्याउभ्या सांगितले. पाच वाक्येसुद्धा लागली नाहीत. पन्नास वर्षांची गोष्ट, आणि पाच वाक्ये. मुलगा चाळिशी ओलांडलेला माणूस, हातात पोरीची दुधाची बाटली धरून उभा होता. टेबलामागची बाई चिठ्ठी पुढे करून नाव विचारत होती. सूनबाईने माझ्याकडे बघितले. मी मान हलवली, नाव नाही म्हणून.

मग मुलगाच म्हणाला, "ताई लिही."

सूनबाईने लिहिले. कोरियन लिपीतही ते दोनच अक्षरांत बसले. टेबलामागच्या बाईने चिठ्ठी कंदिलाला अडकवली आणि एका दादाने शिडीवर चढून तो बाबांच्या शेजारी बांधला. वारा होता, चिठ्ठ्या सारख्या उलटसुलट होत होत्या. मला ते अक्षर वाचता येत नव्हते, म्हणून कितवा कंदील ते मोजून ठेवले. तिसऱ्या ओळीत, डावीकडून सातवा.

८ मेला तिथे आईवडिलांचा दिवस असतो. मुलाने लाल कार्नेशनचे फूल माझ्या पदराला पिनेने लावले. पिन टोचली, ओरडले त्याच्यावर. हलमोनींची मुलगी सोलला राहते, तिला यायला जमले नाही, म्हणून आमच्या नातीच्या हाताने त्यांनाही एक दिले. त्या दिवशी आम्ही दोघी फुले लावून इमारतीखाली बाकावर बसलो होतो आणि येणारे-जाणारे मान लववून जात होते.

पौर्णिमेला ग्योंग्जूच्या डोंगरावर गेलो. तिथे दगडात घडवलेले बुद्ध भूमीला स्पर्श करून पूर्वेच्या समुद्राकडे तोंड करून बसले आहेत. त्याची हकीकत मोठी आहे, ती पुढच्या खेपेस.