द्राक्षाला मान, मोहाला गुन्हा

धुळ्याहून नाशिककडे निघावे, तो चांदवड मागे पडताच द्राक्षमळ्यांचा मुलूख लागतो. शिराझ आणि काबेर्ने या मूळच्या फ्रेंच द्राक्षांच्या मिश्रणातून तेथे होणारी तांबडी वाइन कोरडी असते. साखर आंबून जवळजवळ संपलेली, सालीचा तुरटपणा मात्र राहिलेला. युरोपात द्राक्षे शरद ऋतूत खुडतात. येथे ती हिवाळ्यात पिकतात. तापलेला दिवस आणि गार रात्र यांचा ठसा चवीवर उमटतो. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावास भौगोलिक मानांकन लाभले, ते उचितच होय.

परंतु परक्या वेलीला आपली म्हणणाऱ्यांनी सातपुड्याकडेही पाहावे. शिरपूरच्या डोंगरांतील मोह याच मातीचा; त्याच्या फुलांची दारू भिल्ल-पावरांच्या पूजेत आणि लग्नात असते. 1878 च्या अबकारी कायद्याने तिच्यावर सरकारी पकड बसली. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली ती विनापरवाना गाळणे आजही गुन्हाच आहे.

दारूने संसार मोडतात, हे खरेच. पण ते दोहोंच्याही बाबतीत खरे आहे. द्राक्षाला उत्तेजन द्यावयाचे असेल, तर आदिवासींच्या सहकारी संस्थांनाही मोहासाठी परवाना आणि शुद्धतेची तपासणी मिळावी. मोहाला ते नाकारावयाचे असेल, तर द्राक्षालाही तोच न्याय लावावा.