काच, क्षार आणि आईचे गुडघे

शॉवर एन्क्लोजर! नुसतं नाव घेतलं तरी फाइव्ह स्टार फीलिंग येतं की नाही? पुण्यात चौघींत एक बाथरूम शेअर करणाऱ्या माझ्यासारखीला तर ते स्वप्नच. त्यामुळे एका मोठ्या असाइनमेंटचे पैसे खात्यात पडले, तेव्हा ठरवून टाकलं. खुलताबादच्या घरी आईबाबांसाठी झक्कास बाथरूम करायचं. काचेच्या क्युबिकलसकट.

हौस होती, पण कारणही होतं. आमची जुनी न्हाणी म्हणजे शहाबादी फरशी, बादली, तांब्या आणि कायम ओलीचिंब जमीन. त्यात आईचे गुडघे दुखतात. रात्री घरचा फोन वाजला की ‘आई घसरली तर नाही ना’ याच विचारानं मी दचकायचे. काचेचं पार्टिशन आलं की ओला भाग आत आणि पाय ठेवायची जागा कोरडी. आयडिया चुकीची नव्हती हं. चुकली ती खरेदी.

शोरूममध्ये सेल्समननं विचारलं, “साइज काय?” मी विचारलं, “फिटिंग्ज ब्लॅकमध्ये मिळतील?” घरी पाणी कुठलं येतं, हे ना त्यानं विचारलं ना मी सांगितलं. दोन सरकती दारं, मधोमध एक फिक्स काच, खाली ॲल्युमिनियमचा रूळ, सगळीकडे काळी मॅट फिटिंग्ज. फोटोत एकदम हिट! लाइक्सही भरपूर आले.

मग आली हनुमान जयंती. आमच्या गावाला त्या रात्री झोप नसते. भद्रा मारुतीच्या दर्शनाला छत्रपती संभाजीनगरहून पंचवीसेक किलोमीटर लोक रात्रभर चालत येतात. त्यात आमची मामेभावंडं, आतेभावंडं आणि त्यांचे मित्रही असतात. दर्शन झालं की पहाटे सगळी वरात आंघोळीला आमच्याकडे. प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच, “अगं, हॉटेलच झालं की!” अकरा आंघोळी झाल्या. दुपारी बघते तर काचेवर कुणीतरी ताक शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके.

आणि आई प्लास्टिकच्या स्टुलावर उभी राहून जुन्या साडीच्या तुकड्यानं काच घासत होती.

“आई, काय करायलीस? उतर आधी!”

“अगं, एवढी महागाची वस्तू. डाग राहिले तर कसं दिसंल?”

मी सहज विचारलं, “तुला आवडला ना पण शॉवर?” आई गप्प. उत्तर बाबांनी दिलं. “ती कुठं करती तिथं आंघोळ? काच खराब होती म्हणून मागच्या मोरीत जाती.”

मागची मोरी म्हणजे धुण्याची जागा. शेवाळलेली. न्हाणीपेक्षा दुप्पट घसरडी. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, तिला मी आणखी निसरड्या जागी पाठवलं होतं. वर काच पुसायचं काम दिलं ते वेगळंच.

त्या दिवशी पहिल्यांदा मी डिझाइन सोडून पाण्याकडे बघितलं. आपला सगळा दख्खनी काळा पाषाण. भेगांतून झिरपताना पाणी खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेतं. बोअरचं पाणी जड असतं ते यामुळे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानलाय आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. असं पाणी काचेवर सुकलं की पाणी उडून जातं, क्षार तिथंच बसतात. त्यात अंगाचा साबण मिसळला की चिकट राखाडी थर. बरेच दिवस तसाच राहिला तर काच कायमची धुरकट होते, मग कितीही घासा.

म्हणजे गोम काय, तर काच घाण होत नाही. काचेवर सुकलेलं पाणी तिला घाण करतं. ‘ईझी टु क्लीन’ असं लेबल असलेली काच स्वतःहून स्वच्छ राहत नाही. कोटिंगमुळे थेंब लवकर ओघळतो, इतकंच. तेही तारेच्या घासणीनं निघून जातं.

गंमत बघा, मलिक अंबरची कबर आमच्या खुलताबादेतच आहे. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर वसवणारा हा माणूस. नव्या शहरासाठी त्यानं डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरींतून आणलं. चारशे वर्षांपूर्वी त्याला जे सुचलं, ते मला शोरूमच्या एसीत सुचलं नाही. आधी पाणी बघा, मग बाकीचं!

असो. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. त्यामुळे आहे त्यातूनच मार्ग काढला. मिस्त्रींनी दोन्ही सरकती दारं आणि खालचा रूळ काढला. मधली फिक्स काच शॉवरच्या बाजूला सरकवली, वरून भिंतीला आधाराचा दांडा दिला. फरशीचा ढाळ जाळीकडे करून घेतला. खरखरीत टाइल्स टाकल्या. भिंतीला पकडायला दांडी आणि बसायला पक्कं स्टूल. बादली-तांब्याही परत आत आले. दारांचे पैसे बुडाले, काय करणार!

तुम्ही घेणार असाल तर एवढं बघाच:

• दारापेक्षा एकच फिक्स काच बरी. रूळ, फ्रेम, सांधे जितके कमी तितकी घाण कमी.

• काच टफन्डच हवी. ८ मिलिमीटरची काच चौरस मीटरला सुमारे २० किलो भरते, त्यामुळे भिंत आणि बिजागऱ्या भक्कम हव्यात.

• फ्रॉस्टेड काचेची खरखरीत बाजू पाण्याकडे नको. काळ्या फिटिंग्जवर क्षार जास्त उठून दिसतात.

• रबरी वायपर आतच टांगा. आंघोळ झाली की वरून खाली ओढा. अर्ध्या मिनिटाचं काम.

• आठवड्यातून एकदा पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात फवारा. दहा मिनिटांनी मऊ कापडानं पुसून धुवा. संगमरवर आणि शहाबादीवर मात्र व्हिनेगर नको, दगड खराब होतो.

• बाथरूमचं ॲसिड काचेच्या फिटिंग्जजवळ नेऊ नका. ब्लीचसोबत ॲसिड किंवा व्हिनेगर कधीच नको, विषारी वायू तयार होतो.

• साबणाच्या वडीऐवजी बॉडी वॉश वापरलात तर तो चिकट थर जवळजवळ बसतच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शोरूमला जायच्या आधी घरी विचारा. ही काच रोज पुसणार कोण? उत्तर ‘आई’ असेल, तर काच घेऊच नका.

आमच्याकडे आता नियम आहे, ज्याची आंघोळ त्याचा वायपर. बाबासुद्धा पुसतात. पुढच्या हनुमान जयंतीला भावंडांना दारातच वायपर दाखवला जाईल. परवा आईचा फोन आला. मी नेहमीसारखी दचकले. ती म्हणाली, “काही नाही गं. आत्ता शॉवरखाली डोकं धुतलं. काच बाबांनी पुसली.”