पिशवीत मावणारी चित्रशाळा

दिवाळीच्या सुटीत भीमाशंकराकडे निघालेल्या मंडळींचे सामान पाहावयाचे असेल तर मंचरच्या एस. टी. स्टँडवर तासभर उभे राहावे. फराळाचे डबे, स्वेटर, मुलांच्या टोप्या, आजीची औषधे, आणि दर कुटुंबामागे निदान तीन फोन. त्या फोनांवर दोन दिवसांत चारशे छायाचित्रे निघतात आणि घरी परतल्यावर ती कोणी उघडूनही पाहत नाही. या सामानात रंगाची डबी मात्र क्वचितच असते. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेली माणसे प्रत्येक बिऱ्हाडात एक तरी सापडते. त्यातल्या कित्येकांना 'अ' श्रेणीही मिळालेली असते. पण त्यानंतर ब्रश जो सुटतो तो सुटतोच.

अशाच एका वाचक भगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. वय अठ्ठावन्न, राहणार पुणे. त्यांच्या मातोश्रींचे माहेर जुन्या आंबेगावचे. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावास आहे आणि नाव तेवढे आंबेगावचे उरले आहे. मातोश्री आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. यंदा भाऊबीज झाली की त्यांना घेऊन धरणाच्या काठाने, पोखरीचा घाट चढून तळेघरापर्यंत जावयाचे, वाटेत थांबून आई जे जे दाखवील ते कागदावर उतरवावयाचे, असा बाईंचा बेत आहे. "माझ्याजवळ मोठी लाकडी रंगपेटी आहे, ती माळ्यावर पडून आहे. ती न्यावी का? नाही तर काय न्यावे?" असे त्या विचारतात.

लाकडी पेटी माळ्यावरच राहू द्यावी. प्रवासातल्या चित्रकलेचा आमचा एकच नियम आहे: पिशवीत हात घातल्यापासून पहिली रेघ कागदावर पडेपर्यंत एका मिनिटाहून अधिक वेळ जाता कामा नये. तळेघरच्या बाजूला ढग केव्हा उतरेल याचा भरवसा नसतो. समोरचा डोंगर डोळ्यांदेखत पुसला जातो आणि आपण मात्र पेटीची कडी काढीत बसलेले असतो. शिवाय चौऱ्याऐंशी वर्षांच्या मातोश्री रस्त्याच्या कडेला किती वेळ बसणार? अर्धा तास, फार तर पाऊण.

तेव्हा सगळे सामान एका शबनम पिशवीत मावले पाहिजे, आणि वजन अर्ध्या किलोच्या आत राहिले पाहिजे. डबी म्हणून मुलांची जुनी कंपासपेटी उत्तम. झाकणाला आतून पांढऱ्या एनॅमलचे दोन हात द्यावेत. रंग कालवावयाची तबकडी तयार झाली. आत औषधाच्या बाटल्यांची लहान झाकणे चिकटवावीत आणि त्यांत नळीतले जलरंग पिळून ठेवावेत. एकदम काठोकाठ भरू नये. निम्मे भरावे, दोन दिवस वाळू द्यावे, मग वरून पुन्हा भरावे, म्हणजे वडीला तडे जात नाहीत. कोणी मधाचा थेंब घालावयास सांगतात. मधाने रंग ओलसर राहतो हे खरे, पण पिशवीत लाडूचा डबाही असतो आणि मुंग्यांना दोन्ही सारखेच. ग्लिसरिनचा थेंब बरा.

(नळीतला रंग ही गोष्ट आज आपल्याला दातांच्या मलमाइतकी साधी वाटते, पण पिळता येणारी धातूची नळी जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली काढली. त्याआधी बाहेर जाऊन तैलरंगात काम करणारे लोक डुकराच्या फुग्यात रंग बांधून नेत. कल्पना करा, बसमध्ये शेजारी कोणी बसले असते का!)

रंग किती घ्यावेत? दुकानदार चोवीसांची पेटी दाखवील. सहा पुरेत. लेमन यलो, यलो ऑकर म्हणजे आपली पिवडी, बर्न्ट सिएना, लाइट रेड म्हणजे गेरूचाच भाऊ, क्रिमसन, आणि अल्ट्रामरीन निळा. हिरवा रंग यात नाही, आणि तो मुद्दामच नाही. तयार हिरव्याने रंगवलेला सह्याद्री हा सिनेमाच्या पडद्यासारखा दिसतो. लेमन यलोत निळा मिसळला की श्रावणातले भातखाचर. पिवडीत निळा मिसळला की हिरड्याचे झाड. त्यातच बर्न्ट सिएनाची बोटभर भर घातली की दिवाळीनंतरचे, पिवळे पडू लागलेले गवत. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून तर इतके करडे रंग निघतात की सह्याद्रीचा काळा दगड, ढग आणि कौले एवढ्यावरच भागते. काळा रंग घेऊ नये. पांढराही नको, पांढरा कागद हाच पांढरा रंग. क्रिमसन हा स्वभावाने जरा बेभरवशाचा, स्वस्तातला असेल तर उन्हात टांगलेल्या चित्रातून पहिल्यांदा तोच उडतो. तेव्हा भिंतीवर लावावयाच्या चित्रात त्याच्यावर फार विसंबू नये.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान, मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून शिकून परत आलेले आणि कोटितीर्थाच्या काठी राहून १९३१ साली वारलेले, आपले रंग पुष्कळदा आपणच करीत असे सांगतात. आपल्याला तेवढे कष्ट नकोत. त्याच १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी स्वदेशी शाईचा धंदा काढला, त्याचाच पुढे कॅम्लिन झाला, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या लहानपणीच्या रंगांवर त्यांचा उंट होता. ती कंपनी २०११पासून जपानच्या कोकुयोच्या ताब्यात आहे, उंट मात्र चालतोच आहे. योगायोग पाहा, डिंभ्याच्या जलाशयाला ज्यांचे नाव दिले आहे ते हुतात्मा बाबू गेनू याच आंबेगाव तालुक्यातले. परदेशी कापडाची मोटार अडवताना ते मुंबईत १२ डिसेंबर १९३० रोजी गेले.

ब्रश दोन. आठ नंबरचा गोल, ज्याचे टोक पाण्यात बुडवून झटकल्यावर सुईसारखे होते तो, आणि एक तीन नंबरचा. दुकानात उभे राहून पाणी मागावे व टोक पाहून मगच पैसे द्यावेत. संकोच करू नये. दांडा निम्मा कापला तरी चालतो. पोटात पाणी भरून ठेवावयाचा ब्रश आता मिळतो, तो एस. टी.त बसून चित्र काढणाऱ्यांना फार सोयीचा. पण विस्तीर्ण आकाश त्याने नीट भरले जात नाही. पाण्यासाठी दोन लहान बाटल्या, एक स्वच्छ, एक मळकी. मळके पाणी कुणाच्या विहिरीजवळ किंवा देवळाच्या कुंडाजवळ ओतू नये. पुसावयास जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा तुकडा. कागदी रुमालाला ती माया नाही.

पेन्सिल एकच, टू-बी. सिक्स-बी घेतली तर पिशवीतल्या सगळ्या वस्तू काळ्या होतात आणि भाकरीलाही शिसे लागते. टोक ब्लेडने लांब काढावे. शिवाय एक साधे बॉलपेन. चित्रकार मंडळी नाक मुरडतील, पण दमट कागदावर बॉलपेन जितके इमानाने चालते तितके दुसरे काही चालत नाही. शाई काही वर्षांनी उडते हा त्याचा दोष, म्हणून जे चित्र ठेवावयाचे ते बॉलपेनाने काढू नये.

शाईचा विषय निघाला आहे तर तळेघरच्या परिसरातली शाई सांगून ठेवतो. हा सगळा मुलूख हिरड्याचा. उन्हाळ्यात महादेव कोळ्यांच्या अंगणांतून बाळहिरडा वाळत पडलेला असतो आणि भाताच्या जोडीने त्याच्यावर घर चालते. आपण त्याला पोटाचे औषध म्हणून ओळखतो, पण हिरड्यातला तुरट अंश लोखंडाच्या क्षाराला भेटला की काळाभोर होतो. आंध्रात कलमकारीचे कापड हिरड्यात बुडवून त्यावर गुळाच्या पाण्यात मुरलेल्या लोखंडाने काळ्या रेघा ओढतात त्या याच गुणावर. मूठभर हिरडा कुटून रात्रभर भिजवावा, सकाळी उकळून निम्मा करावा, फडक्यातून गाळावा आणि काष्टौषधीच्या दुकानातला चिमूटभर हिराकस व थोडा डिंक घालावा. स्वयंपाकाचे भांडे घेऊ नये. ही शाई बोरूने किंवा टाकाने लिहावी. फाउंटनपेनात घातल्यास पेन गेले म्हणून समजा. रेघ आधी फिकी येते आणि वाऱ्यावर हळूहळू काळी होते. हिराकसाचा हात मात्र आखडता ठेवावा, जास्त झाला तर काही वर्षांनी कागदच खाल्ला जातो.

कागदाच्या बाबतीत कंजुषी करू नये. रंग स्वस्त चालतील, ब्रश मध्यम चालेल, पण पातळ कागदावर पाणी पडले की तो पापडासारखा वाकडा होतो आणि हौशी माणूस आपल्याला चित्रकला येत नाही अशी समजूत करून घेतो. तीनशे ग्रॅमचा सुती कागद घ्यावा. बावीस बाय तीस इंचांच्या एका तावाचे सोळा तुकडे होतात, पोस्टकार्डाहून थोडे मोठे. कडा कापण्यापेक्षा पट्टी धरून फाडाव्यात, छान दिसतात. खाली जाड पुठ्ठा आणि दोन चिमटे. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४०पासून आहे. आणि जुन्नर तर एके काळी कागदाचेच गाव होते. पेशवाईतल्या लिखापढीत जुन्नरी कागदाचे नाव दौलताबादीच्या जोडीने येते, आणि तेथल्या कागदी लोकांचा तो पिढीजात धंदा होता.

ज्या काळात हे कागद चालत त्याच काळात पुण्याचा एक माणूस चित्रांचे सामान घेऊन प्रवासाला निघत असे. त्याचे नाव गंगाराम चिंतामण तांबट. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्याकडे तो होता, आणि जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचा शिष्य. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तो वेरूळला गेला आणि त्याने लेण्यांची चित्रे काढली. ती आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्याचे सामान काय होते? पेन्सिल, शाई, थोडे जलरंग. आपल्या कंपासपेटीत आहे तेवढेच.

आता पत्रातल्या मुख्य अडचणीकडे वळू. दिवाळीत धरण भरलेले असते, म्हणजे बाईंना काठावरून दिसणार ते पाणी आणि पलीकडचे डोंगर. आई म्हणणार, "तिथे देऊळ होते, इकडून वाट नदीवर उतरत असे." ते काढावयाचे कसे? त्यासाठी पिशवीत आणखी एक वस्तू घालावी, बटर पेपरचे चार तुकडे. पहिल्या कागदावर दिसते ते काढावे: डोंगरांच्या कडा नीट पाहून, पाण्याची रेघ, एखादे झाड. डोंगर बुडालेले नाहीत, आईने लहानपणी पाहिले तेच ते आहेत, म्हणून त्या रेघेवर सर्वांत जास्त मेहनत घ्यावी. मग त्यावर बटर पेपर ठेवून चिमटा लावावा, आणि आई सांगेल तसे पेन्सिलीने घर, ओटा, वाट, देऊळ काढीत जावे. डोंगराच्या अमक्या सोंडेच्या खाली, तमक्या खिंडीच्या समोर, असे विचारले की चौऱ्याऐंशीव्या वर्षीही माणसाला जागा बरोबर आठवते. चुकले तर त्या सांगतील, खोडरबर आहेच. दुसरे कोणी नातलग बरोबर असेल आणि त्याला घर दुसरीकडे आठवत असेल, तर भांडण न लावता दुसरा बटर पेपर घ्यावा. प्रत्येक तुकड्यावर कोणी सांगितले आणि कोणत्या तारखेला हे लिहावे. रंग या तुकड्यांवर नको, पाण्याने ते सुरकुततात.

तळेघरला पोचल्यावर देवळाच्या शिखराची वाट न पाहता साध्या घरांकडे वळावे असे आमचे मत आहे. शिखराची चित्रे पुष्कळ झाली आहेत. कौले, कुडाच्या भिंती, दाराशी टांगलेले विळे, कापणीनंतर रचलेले भात, ही कोणी काढीत नाही. याच तालुक्यातले माळीण ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराखाली गेले आणि दीडशेवर माणसे गेली. त्या गावातली घरे आदल्या दिवशीपर्यंत अशीच साधी होती. मात्र कुणाच्या दारासमोर बसण्याआधी विचारावे, आणि चित्र झाले की घरच्यांना दाखवावे. शेतात वाकून काम करणाऱ्या बायकांना न विचारता काढू नये. त्यांच्या मुलांनी पेन्सिल मागितली तर द्यावी; म्हणून पेन्सिली दोन न्या असे आता सुधारून सांगतो.

ढग आलाच तर रंग बंद. दमट हवेत पहिला हात वाळत नाही आणि दुसरा त्यात विरघळतो. अशा वेळी पेन्सिल काढावी, किंवा चहा घ्यावा.

पत्राच्या शेवटी बाईंनी एक बारीकशी शंका घातली आहे: "मी चित्र काढीत बसले की आमचे हे घड्याळ पाहू लागतात." यावर रामबाण उपाय नाही. पण बावीस बाय तीसच्या तावाचे सोळा तुकडे होतात हे वर सांगितलेच आहे. त्यातले चार त्यांच्या हाती द्यावेत आणि समोरचे हिरड्याचे झाड दाखवावे.