दांडा की सर्व्हो?

ॲल्युमिनियमचा कॅन ओढणाऱ्या बॉडीमेकरमध्ये क्रँकवरचा रॅम मिनिटाला ३०० हून अधिक वेळा पुढेमागे होतो. इकडे अमेरिकेत 'सगळंच सर्व्होवर न्या' असं म्हणणारे इंजिनिअर भेटतात. मला ते अर्धंच पटतं. कप भरवणं, कॅन पुढे देणं ही हलकी कामं सर्व्होला जरूर द्यावीत. टायमिंग बदलायला नवा कॅम घडवावा लागत नाही, आकडे बदलले की झालं. पण जड रॅम दर फेरीला थांबवून उलटा न्यायचा तर मोटर तापणारच. तिथे क्रँक आणि फ्लायव्हीलच बरं. शिवाय वीज गेली तरी एकाच शाफ्टला जोडलेले दांडे ताल सोडत नाहीत.

म्हणून जुनं मशीन उघडण्याआधी, आवाजावरून झिजलेला कॅम ओळखणाऱ्या फिटरला विचारा. तो निवृत्त झाल्यावर कोणता दांडा कशासाठी होता, हे कोण सांगणार?