हा हात कोणाचा?

मंडळी, आज एक सोपा प्रश्न. 'नागिन' (१९५४) मधली ती सुप्रसिद्ध पुंगी कोणी वाजवली?

दहापैकी नऊ जण म्हणतील, "कोणीतरी गारुडी बोलावला असेल." उरलेला एक जण जाणकार असेल, तो हसून गप्प बसेल. कारण ती पुंगी नाहीच. ते आहे क्लेव्हायोलिन नावाचं विजेवर चालणारं पट्ट्यांचं वाद्य. वाजवणारे कल्याणजी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी जोडीतले. जोडीला हार्मोनियमवर रवी, तेही पुढे मोठे संगीतकार झाले. संगीत हेमंतकुमारांचं. पुढे वरातीत बॅण्डवाल्यांनी वाजवून वाजवून ही धून खेड्यापाड्यांत पोचवली. सगळ्यांनी शपथेवर सांगितलं असतं की ही पुंगीच आहे. कानाने ऐकलं होतं ना!

हल्ली मला या "कानाने ओळखलं" प्रकाराबद्दल बरंच काही म्हणायचं आहे, म्हणून हा प्रपंच.

जुन्या गाण्यांचे शौकीन एकत्र जमले की हा खेळ हमखास सुरू होतो. रेकॉर्ड लावायची, नाव सांगायचं नाही, आणि वाजवणारा कोण ते ओळखायचं. जॅझवाल्यांकडे तर याची रीतसर परंपरा आहे. लेनर्ड फेदर या समीक्षकाने १९४६ साली 'मेट्रोनोम' मासिकात 'ब्लाइंडफोल्ड टेस्ट' सुरू केली, पुढे ती 'डाउन बीट' मासिकात गेली. मोठ्या वादकाला समोर बसवायचं, तबकडी लावायची, आणि कोण वाजवतंय, कसं वाजवतंय ते त्याच्याकडून वदवून घ्यायचं. फुंक कशी मारली, स्वर कुठे हलवला, श्वास कुठे घेतला यावरून ही मंडळी माणूस ओळखतात. आपल्याकडेही तेच चालतं. खाजगी मैफलीची एखादी निनावी टेप हाती लागते, वर नुसतं "यमन, साईड बी" लिहिलेलं असतं, आणि चार रसिक रात्रभर भांडतात.

खेळ मस्त आहे, मला मनापासून आवडतो. पण मुळात तो खेळावा का लागतो, ते जरा बघूया.

आपल्याकडे ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९०२ साली, कलकत्त्यात. तेव्हा गौहर जान गाणं संपल्यावर इंग्रजीतून स्वतःचं नाव मोठ्याने पुकारायच्या. आज ऐकताना गंमत वाटते. पण त्यामागे कामाचं कारण होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कारागिराला ही बाई कोण हे कळणार कसं? म्हणून नाव ध्वनिमुद्रणातच घालून टाकायचं. कागद हरवला तरी नाव राहील! मला ही युक्ती फार आवडते. आपल्या संतांनी तरी वेगळं काय केलं? अभंगाच्या शेवटी "तुका म्हणे", "नामा म्हणे" असतं म्हणून तर कोणाचं काय ते आपल्याला कळतं.

पुढे सिनेमा आला आणि ही नावं मागे पडली. 'महल' (१९४९) मधलं 'आयेगा आनेवाला' घ्या. पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं "कामिनी". कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव! रेडिओवर गाणं लागायला लागलं आणि श्रोत्यांची विचारणा इतकी आली, की शेवटी रेडिओने कंपनीकडून खरं नाव मागवलं. ते नाव होतं लता मंगेशकर. म्हणजे बघा, लताबाईंचं नावसुद्धा लोकांना विचारून घ्यावं लागलं.

गायकांचा प्रश्न असा सुटला. वादकांचा सुटला नाही. रेडिओवर गायक, गीतकार, संगीतकार, चित्रपट अशी नावं आपण आयुष्यभर ऐकली. मेंडोलिन कोणाचं, सॅक्सोफोन कोणाचा, हे कधी ऐकलंय? 'दम मारो दम'ची सुरुवातीची गिटार ऐकून अंगावर काटा आलेल्या किती जणांना ठाऊक आहे की ती भूपिंदर सिंग यांची आहे? 'गाईड' (१९६५) मधल्या 'मोसे छल किये जाय' ला तबला शिवकुमार शर्मांचा आहे. हो, संतूरवाले शिवकुमार शर्मा! आता इथे कोणाच्या कानाने त्यांना ओळखलं असतं, सांगा बरं.

आणि गोव्याची मंडळी तर या सगळ्याच्या पायात गाडली गेली. आल्डोनाचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे मुंबईच्या जॅझमधले नावाजलेले ट्रम्पेटवादक. आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांना 'अलबेला' (१९५१) च्या वेळी त्यांची मोठी साथ होती. पडद्यावरही ते दिसतात. पण त्यांना ओळखतो कोण? (सी. रामचंद्रांचं तर आणखी वेगळंच. संगीतकार म्हणून ते सी. रामचंद्र, गायक म्हणून चितळकर. दोघं एकच, हे कित्येकांना ठाऊक नव्हतं.) माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचंही तसंच. व्हायोलिनवादक, संगीत-संयोजक, प्यारेलाल यांचे गुरू. शिष्याने 'अमर अकबर अँथनी' (१९७७) च्या गाण्यात गुरूचं नाव अख्ख्या देशाच्या तोंडी बसवलं. पण ते नाव घेताच आपल्या डोळ्यांसमोर येतो तो अंड्यातून बाहेर पडणारा अमिताभ! गोन्साल्विस २०१२ मध्ये गेले. भूपिंदर आणि शिवकुमार दोघंही २०२२ मध्ये. ज्यांना विचारता आलं असतं, ती माणसं संपत चालली आहेत.

म्हणून हा खेळ खेळायलाच हवा, असं माझं मत आहे. कारण तो खेळताना आपण गायकाच्या मागे ऐकायला लागतो. एरवी "मधलं म्युझिक" म्हणून सोडून दिलेल्या वीस सेकंदांत एक माणूस बसलेला आहे, हे त्यामुळे कळतं.

पण..

अंदाज हा अंदाजच राहिला पाहिजे. माझं दुखणं इथे आहे.

रॉय एल्ड्रिज हा मोठा ट्रम्पेटवादक. त्याचा दावा होता की वादक काळा की गोरा, हे आपण नुसतं ऐकून सांगू शकतो. १९५१ साली फेदरने त्याची परीक्षा घेतली. बरेच अंदाज चुकले, आणि पठ्ठ्याने ते मोकळेपणाने मान्यही केलं. इतका तयार कानसुद्धा आधी मनात ठरलेलं तेच ऐकत होता. नाव छापलेलं असलं तरी ते खरंच असतं असंही नाही. टोरांटोच्या १९५३ च्या प्रसिद्ध मैफलीच्या तबकडीवर "चार्ली चॅन" नावाचा सॅक्सोफोनवादक आहे. तो प्रत्यक्षात चार्ली पार्कर. करार दुसऱ्या कंपनीशी होता म्हणून हे सोंग! आणि २००७ मधलं जॉइस हॅटोचं प्रकरण आठवतंय? या इंग्लिश पियानोवादक बाईंच्या नावावर निघालेल्या सीड्यांची समीक्षकांनी तोंड भरून स्तुती केली होती. एका श्रोत्याने त्यातली एक सीडी संगणकात घातली, तर संगणकाने नाव दाखवलं दुसऱ्याच पियानोवादकाचं. पुढे उघड झालं की दुसऱ्यांची वादनं उचलून यांच्या नावावर खपवली होती. जाणकारांच्या कानांना हे उमगलं नव्हतं.

तर सांगायचं काय, कान फार मोठा आहे, पण त्याला साक्षीदार लागतो.

आता हे सगळं मी आपल्या बीबीच्या संदर्भात का लिहितोय, ते घरच्या मंडळींच्या लक्षात आलं असेलच. (इतरांसाठी: बीबी म्हणजे आमचं गाव, बुलडाणा जिल्हा, लोणार तालुका. लोणारचं विवर बघायला जगभरातून लोक येतात, बीबीला आम्हीच जातो.)

मामांनी सप्ताहात टेप केलेल्या कॅसेटी एका चुलतभावाने अलीकडे संगणकावर उतरवल्या. फार चांगलं काम केलं, त्याबद्दल वादच नाही. त्यातल्या एका कॅसेटवर काल्याच्या कीर्तनाला जो मृदंग आहे, तो ऐकून मी जागचा हललो नाही. कॅसेटवर पेनने फक्त "सप्ताह, काला" एवढंच. साल नाही, नाव नाही. भावाने अंदाजाने एक नाव टाकलं आणि फाईल घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडली. दोन दिवसांत ती गावभर झाली. ज्यांचं नाव पडलं त्यांच्या नातवंडांनी स्टेटसला ठेवली. साहजिक आहे, कोणाला आनंद होणार नाही?

मामांनी ऐकली आणि म्हणाले, "हा हात त्यांचा नाही रे बाबू. ते धुमेवर कणीक कमी लावायचे, त्यांचा मृदंग इतका घुमायचा नाही." मामांच्या मते हा वादक दुसराच, शेजारच्या गावाहून यायचा तो. त्याच्या घरी त्याचा एक फोटोसुद्धा नाही. आणि ही कॅसेट त्याची असेल, तर त्याची जगात उरलेली ही एकमेव खूण आज दुसऱ्याच्या नावावर फिरते आहे.

मामा बरोबर असतीलच असंही मी म्हणणार नाही. घुमारा कणकेचा की टेपचा? कॅसेटचा वेग सहा टक्क्यांनी कमी झाला तरी सूर साधारण अर्ध्या पट्टीने खाली येतो. मृदंग जड वाटायला लागतो, आवाज म्हातारा वाटायला लागतो. टेप विजेवर चालू असेल तर मागे पन्नास हर्ट्झची गुणगुण येते, ती मोजून मूळ वेग काढता येतो. बॅटरीवर केलेल्या टेपला तीही सोय नाही. म्हणजे आधी वेग तपासा, मग सूर, आणि मग कोणाचा हात ते.

याहून चांगला साक्षीदार मात्र आपल्या घरातच आहे: सप्ताहाच्या पत्रिका! सिनेमावाल्यांनी जे केलं नाही ते आमच्या गावच्या पत्रिकेने इमानेइतबारे केलं. कीर्तनकार, अन्नदाते यांच्याबरोबर गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी, सगळ्यांची नावं, सालासकट. (टाळकऱ्यांना मात्र नेहमीच "समस्त भजनी मंडळ" मध्ये गुंडाळलं. आणि लग्नात सनई-ताशा वाजवणाऱ्यांचं नाव तर आपण पत्रिकेत कधीच छापलं नाही. का छापलं नाही, याचं उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि ते फारसं शोभेसं नाही.)

कोणी म्हणेल, देवापुढे वाजवलं, नाव कशाला पाहिजे? ज्याने वाजवलं त्याने असं म्हटलं तर मी हात जोडीन. पण ऐकणाऱ्याने ते म्हणू नये, तो आळस आहे. आणि एकदा नाव द्यायचंच ठरवलं तर दुसऱ्याचं देणं हे न देण्यापेक्षा वाईट. निनावी टेपवर निदान कोणी शोध घेईल. चुकीचं नाव पडलं की शोधच थांबतो.

म्हणून माझ्यापुरता मी नियम केला आहे. ओळखलं तर "अमुक असावेत, असं अमक्याचं म्हणणं, अमुक कारणाने" असं पूर्ण लिहायचं. फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह टाकायला काही पैसे पडत नाहीत. भावालाही तेच सुचवलंय. त्याने तूर्त नाव काढून "मृदंग: ?" केलं आहे. थोडी नाराजी झाली, होऊ दे. खरंच ते असतील तर नाव पुन्हा लावू, आणि या वेळी पुराव्यासकट लावू.

तेव्हा घरच्या मंडळींना विनंती. पेट्यांच्या तळाशी, देव्हाऱ्याच्या फळीवर कागदाखाली कागद म्हणून, जुन्या पंचांगांत, कुठेही सप्ताहाच्या पत्रिका सापडल्या तर फोटो पाठवा. फाटक्याही चालतील. आत्याबाईंनी आणि मामींनी विशेष लक्ष घालावं, कारण कोण कुठल्या साली जेवायला होतं हे पुरुषांना कधीच आठवत नाही. मित्रमंडळींनी आपापल्या गावच्या कॅसेटी काढाव्यात आणि आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ऐकवाव्यात. हे काम यंत्रावर सोपवू नका. हॅटोबाईंचं बिंग संगणकाला फुटलं, कारण त्या खऱ्या पियानोवादकाची सीडी आधीच नोंदलेली होती. आमच्या मृदंगवाल्याची नोंद कुठे आहे? ती आपल्यालाच करायची आहे.

कॅसेट कोणाला हवी असेल तर कळवा, पाठवतो. ऐकताना मृदंगाकडे लक्ष द्या. आणि हात कोणाचा ते ओळखलंत, तर कशावरून ते आधी सांगा, नाव नंतर.