ग्रेड आणि स्टेज

व्यापारी घरांना ‘ग्रेड’ हा शब्द नवा नाही. कापसाची वा हळदीची प्रत त्यावरूनच ठरते. तरीही स्तनाच्या गाठीच्या पॅथॉलॉजी अहवालात ‘ग्रेड ३’ वाचताच घरातील मंडळी तो ‘तिसरी स्टेज’ असा समजतात आणि धीर सोडतात. या दोन अगदी भिन्न बाबी आहेत. रोग शरीरात किती पसरला हे स्टेज सांगते. गाठीतील पेशी निरोगी पेशींपासून किती वेगळ्या झाल्या हे ग्रेड सांगते. काखेपर्यंत न पोहोचलेली, पहिल्या स्टेजची लहानशी गाठही ग्रेड ३ असू शकते.

ही प्रत ठरविण्याची नॉटिंगहॅम पद्धत हिशेबासारखी सरळ आहे. पेशींनी नलिकांची रचना कितपत राखली आहे, त्यांची केंद्रके किती बेढब झाली आहेत आणि किती पेशी विभाजनात गुंतल्या आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून प्रत्येक बाबीला १ ते ३ गुण देतात. बेरीज ३ ते ५ असेल तर ग्रेड १, ६ वा ७ असेल तर २, ८ वा ९ असेल तर ३. येथे अधिक गुण म्हणजे अधिक आक्रमक गाठ.

उपचारांची दिशा मात्र ईआर, पीआर व हर-टू या तपासण्यांवर फार अवलंबून असते. पहिल्या दोन पॉझिटिव्ह असल्यास हार्मोनरोधक औषधे उपयोगी पडतात. हर-टूचा निकाल ० ते ३+ असा येतो. ३+ असेल तर ट्रास्टुझुमॅबसारख्या औषधाचा विचार होतो. २+ हा निकाल अनिर्णित होय. त्यावर ‘फिश’ ही जनुकीय तपासणी करावी लागते. तिचा खर्च टाळणे ही खोटी काटकसर आहे, कारण महागडे औषध हवे की नको, हे तीच ठरविते.

सुई लावली की रोग पसरतो, या निराधार समजुतीपायी बायोप्सी पुढे ढकलली जाते. कधी चातुर्मास उलटू द्यावा म्हणून, तर कधी घरातील लग्न उरकावे म्हणून. मुलीच्या सोयरिकीत अडथळा नको म्हणून आईची गाठ लपविली जाते, हे तर अधिकच दुःखद.

तपासलेला ऊतींचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे असल्यास केवळ अहवालाची प्रत पुरत नाही. प्रयोगशाळेकडून ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्याव्यात, त्यांवरील क्रमांक अहवालाशी ताडून पाहावा आणि त्या जपून ठेवाव्यात.